मनाचा वैद्य आपल्याच तांड्यातून यावा

(रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवी येथे एका गावच्या मास्तरांनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नव्हे. अध्यापक विद्यालयात शिकून खेड्यात आलेले आम्ही साधे मास्तर. आजवर फळ्यावर पोरांना हिशेब शिकवीत आलो. आज तुमच्यापुढेही एक हिशेबच मांडणार आहो.

पाय मोडला तर आपण देवीला नारळ ठेवतो, आणि गाडी जुंपून दवाखानाही गाठतो. मन मोडले तर मात्र नुसता नारळच! माणूस ओट्यावर सुन्न बसतो. अन्न गोड लागत नाही, रात्ररात्र डोळा लागत नाही, चारचौघांत तोंड उघडत नाही. घरचे म्हणतात बाहेरचे लागले. शेजारी म्हणतात, कामचुकार आहे. आणि मग एके दिवशी होऊ नये ते होते. आपण म्हणतो, कर्जाने गेला. कर्ज होतेच, सोयाबीन-कापसाचा भावही पडलेला होता. पण त्याच्या जोडीला मनाचा रोगही होता आणि त्या रोगाला औषध होते, हे त्याला सांगणारा कोणी भेटला नाही.

आता हिशेब ऐका. सरकारने २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली. १०० प्रौढ माणसांमागे दहा-अकरांना मनाचा काही ना काही विकार निघाला, आणि त्यांतले बहुतेक उपचारावाचून होते. मनोविकारतज्ज्ञ देशात लाख वस्तीमागे एकही पुरता नाही, पाऊण धरतात. निदान तीन तरी हवेत असे जाणते सांगतात. आपल्या वाशीम जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत सुमारे १२ लाख. म्हणजे हवेत ३६, आणि देशाच्या सरासरीने वाट्याला येणार ९. तेही सरासरी सारखी वाटली तर! ती कुठे सारखी वाटली जाते? तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत राहतात. राज्याची जुनी मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यांतले आपल्याला जवळचे नागपूर. तेही दोनशे किलोमीटरांहून लांब. मजुरी बुडवून, रोग्याला धरून तिथवर कोण जाणार?

कोणी म्हणेल, शहरातून डॉक्टर आणू. आणा; पण हाडाचा डॉक्टर फोटो काढून दुखणे पाहतो, मनाच्या डॉक्टराजवळ तसा फोटो नाही. त्याचे हत्यार म्हणजे कान आणि भाषा. आमच्या तांड्यातली म्हातारी गोरमाटीत आपले दुःख सांगेल, ते त्याला कळणार कसे? तिच्या अंगात येणे कोणते रीतीचे आणि कोणते रोगाचे, हे तांड्यात वाढलेल्यालाच चटकन उमगते. म्हणून आमचे म्हणणे असे की, मनाचा वैद्य आपल्याच घरांतून निघाला पाहिजे.

हे काही स्वप्न नव्हे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावच्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून घरोघर विचारपूस करविली, गरज पडेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचविले. आधी उदासीनतेच्या १०० रोग्यांत सुमारे ४ जण मदत घेत; दीड वर्षाने २७ घेऊ लागले. म्हणजे आपले लोक अडाणी म्हणून दवाखान्यात जात नाहीत, हे खोटे. आपले माणूस दारी आले तर ते जातात. ऑस्ट्रेलियात तर तेथल्या मूळ रहिवाशांपैकी पहिली डॉक्टर झालेली बाई, हेलन मिलरॉय, पुढे मुलांच्या मनाचीच डॉक्टर झाली. ती १९८३ साली पदवीधर झाली. तिच्या लोकांनाही गोऱ्यांच्या राज्यात आपल्यासारखेच खालचे लेखले गेले होते.

आता खरे दुखणे सांगतो. आमच्या शाळेतून गेलेला एक तांड्यातला मुलगा डॉक्टर झाला, सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीस लागला. मागच्या दिवाळीत आम्हांस म्हणाला, "गुरुजी, मला मनोविकाराचे पुढचे शिक्षण घ्यायचे आहे." वडिलांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "वेड्यांचा डॉक्टर होणार? मुलगी कोण देईल? हाडाचा हो, चार पैसे तरी दिसतील." तो मुलगा गप्प बसला. बंधूंनो, त्याला गप्प कोणी बसविले? सरकारने नव्हे, शेटजीनेही नव्हे, आपणच बसविले!

आणि बाहेर काय वाट पाहते, तेही विसरू नका. जळगावची आदिवासी मुलगी डॉ. पायल तडवी मुंबईत पुढचे वैद्यकीय शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आपला जीव संपविला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. आपली मुले जागा मिळवितात, पण तेथे एकटी पडतात. दुसऱ्याचे मन सांभाळायला शिकणाऱ्याचे मन कोण सांभाळणार?

वाटा उघडल्या आहेत. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पुढच्या शिक्षणात राज्यांना जागा राखता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. महाराष्ट्राने २०२२ साली २० टक्के जागा राखल्या. वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. त्यातली पहिली मुले साडेपाच वर्षांनी डॉक्टर होतील, आणि मनोविकाराची तीन वर्षे धरली तर २०३३ च्या आत तज्ज्ञ होणार नाहीत. आज पेरले तर तेव्हा उगवेल.

म्हणून चार गोष्टी मागतो. एक : यात्रेच्या वर्गणीतून दरसाल थोडा पैसा अशा विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी, परीक्षेच्या फीसाठी व खोलीभाड्यासाठी बाजूला काढा. दोन : शिकायला गेलेल्या मुलामुलीची महिन्यातून एकदा तरी गावाने चौकशी करावी, आणि अपमान झाला तर सारा तांडा पाठीशी उभा राहावा. तीन : राखीव जागांत मनोविकाराच्या जागा पुरेशा ठेवाव्यात, शिकून आलेल्यास जिल्ह्यातच नेमणूक व राहण्यास घर द्यावे, असा ठराव ग्रामसभेत करून सरकारकडे धाडा. चार : 'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द आजपासून तोंडातून काढून टाका.

तोवर कोणाचे मन ढासळले तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन करा. आणि रोग्याला साखळीने बांधू नका. २०१७ च्या कायद्याने त्यास मनाई आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले रोगी पळू शकले नाहीत. २८ जण जळून मेले.

महात्मा फुल्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात लोक रोग्याला सोडून पळत होते, तेव्हा पुण्याजवळ माळावर त्यांनी रोग्यांची सेवा केली, आणि सावित्रीबाईंनी त्या सेवेतच देह ठेवला. ज्याला सगळे टाळतात त्याच्याजवळ बसावे, ही शिकवण आपल्या घरची आहे.

त्या मुलाचे वडील आज ह्याच मांडवात बसले आहेत. आम्ही त्यांचे नाव घेणार नाही. सभा संपल्यावर त्यांच्याजवळ जाऊन एवढेच म्हणा, "दादा, तुमच्या पोराची आम्हांला गरज आहे."