मिलचा इशारा मिललाही



जॉन स्टुअर्ट मिल हा विचारवंत आम्हा कारकून मंडळींना जवळचा वाटतो. १८२३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत कारकून म्हणून लागला आणि १८५८ पर्यंत तेथेच राहिला. एकट्या माणसाचे मतही बहुमताने दाबू नये, असे त्याने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडले. १८६७ मध्ये मताधिकार विधेयकातील ‘पुरुष’ शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ घाला, अशी सूचना त्याने पार्लमेंटात आणली. बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६.

माणूस कितीही थोर असो, लोकांनी आपले स्वातंत्र्य त्याच्या हवाली करू नये, हा मिलचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितला.

परंतु हाच मिल हिंदी जनतेला स्वराज्यास अपात्र समजत होता! मग त्याला टाकून द्यावे काय? नाही. डोक्यावरही घेऊ नये. त्याचा इशारा त्यालाच लावावा. पटेल तो विचार घ्यावा. न पटेल तेथे मिललाही जाब विचारावा. आमच्या मुलामुलींनी थोरांची पुस्तके अशीच वाचावीत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.