हवाई छत्रीची शाळा

श्रोतेहो, आकाशातून उडी मारणाऱ्या माणसाला आपण धाडसी म्हणतो. शब्द बरोबर आहे. पण तो आपण फार सैल हाताने वापरतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या मंडळींना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. लोकलच्या दारात एका हाताने लोंबकळणारा, गाडी थांबायच्या आत फलाटावर उडी टाकणारा पोरगाही आपल्या मित्रांत धाडसीच समजला जातो. गर्दीने दाराशी रेटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर गाड्यांतून पडून जे दगावले, ते सकाळच्या गर्दीत सापडलेले प्रवासी होते. त्यांना कोण दोष देईल? मी बोलतो आहे ते डबा अर्धा रिकामा असताना दारात कसरत करणाऱ्याविषयी. हा पोरगा, आणि तेरा हजार फुटांवरून उडी मारणारा माणूस, या दोघांत फरक तो कोणता? तो कळावा म्हणून आज आपण हवाई छत्रीच्या शाळेत जाऊ या.

ही शाळा आपल्या ठाणे जिल्ह्यात नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. पण तिथे हा खेळ नाही. हरियाणात नारनौलजवळ शिक्षकाच्या अंगाला पट्ट्यांनी बांधून घेऊन उडी मारता येते. एकट्याने उडी मारायला शिकणारे पुष्कळसे परदेशी जातात. तेव्हा डोंबिवलीच्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने हे मनावर घेतले, तर आधी लांबचा प्रवास आणि बराच खर्च आला. समजा, तो सगळा योग जमला आणि तुम्ही तिथे पोहोचलात.

पहिल्या दिवशी तुम्हाला विमानात कोणी बसवत नाही. पहिला दिवस जमिनीवरच जातो. पोटावर पालथे पडून छाती आणि कंबर पुढे काढायची, हातपाय मागे उचलायचे, हे पुन्हा पुन्हा करून घेतात. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बुडाकडूनच खाली येते ना? तसेच हे. कमान धरलेले शरीर वाऱ्यात आपोआप पोटावर स्थिर होते. अंग ताठ केलेत की डळमळलात. ज्यांनी गावच्या विहिरीत पोहणे शिकले आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. "अंग सैल सोड, पाणी तुला उचलतंय," असे काठावरून काका ओरडायचे, त्यातलाच हा प्रकार.

मग येते पाठीवरच्या बोचक्याची ओळख. त्यात छत्र्या दोन असतात, एक मुख्य आणि एक राखीव. शिवाय एक लहानसे यंत्र असते. ठरलेल्या उंचीच्या खाली येऊनही माणूस वेगाने पडतच असेल, तर ते राखीव छत्री स्वतः उघडते. मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ. तुम्हाला टांगत्या पट्ट्यांत लोंबकळत ठेवतात आणि शिक्षक विचारतो, "छत्री उघडली, पण दोऱ्या पिळल्या आहेत. काय करशील? छत्री उघडली, पण एक बाजू मिटलेली आहे. आता?" बिघाड सुधारण्यासारखा नसेल, तर उजवीकडची मूठ ओढून मुख्य छत्री सोडून द्यायची आणि लगेच डावीकडची मूठ ओढून राखीव उघडायची. हे दहा वेळा, वीस वेळा, हात आपण होऊन तिकडे जाईपर्यंत करवून घेतात. पाढे पाठ करून घेतात तसेच. संकटात विचार करायला सवड नसते, पाठ असेल तेवढेच कामाला येते. हे शिक्षकांना मी काय सांगावे!

आता प्रत्यक्ष उडी. उंचीचा अंदाज आपल्याच डोंगरांवरून घेऊ. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते सुमारे ५,४०० फूट. विमान तुम्हाला त्याच्या दुपटीहून वर, १२ ते १३ हजार फुटांवर नेते. दार उघडते. थंड वारा आत घुसतो. छाती धडधडते; शंभर उड्या झालेल्यांचीही धडधडते म्हणतात. दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरतात आणि तिघे मिळून बाहेर पडता. विहिरीत पहिल्यांदा उतरताना कंबरेला सुका भोपळा आणि शेजारी दोन जाणती माणसे असतात, तशी ही व्यवस्था. पहिल्या काही उड्यांना दोन शिक्षक, मग एक, मग कोणी नाही.

पडण्याचा वेग दहा-बारा सेकंदांत ताशी १९०-२०० किलोमीटरपर्यंत जातो आणि तिथे ठरतो. कारण खाली ओढणारे वजन आणि वर रेटणारी हवा यांची बरोबरी होते. ठाणे ते कल्याण हे २० किलोमीटर या वेगाने सहा मिनिटांत कापून होतील. तरीही गंमत अशी, की आपण पडतो आहोत असे वाटतच नाही. पाळण्यात पोटात गोळा येतो तसाही सहसा येत नाही. एवढ्या उंचीवरून जमीन जवळ येताना दिसत नाही, ती जणू जागच्या जागी असते. वाऱ्याचा आवाज इतका, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. सगळा कारभार हाताच्या खुणांनी. नव्या माणसाचे भान इथेच हरपते. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, मनगटावरच्या काट्यावर ठेवायचा, हा या शाळेतला मोठा धडा.

पाऊण मिनिट असे जाते. साधारण कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आलात की मूठ ओढायची. लहान छत्री बाहेर पडते, वारा धरते आणि मोठीला ओढून काढते. एक हिसका, आणि मग अचानक शांतता. पण खुशाल बसायचे नाही. वर पाहायचे. छत्री पुरी फुलली आहे का? स्थिर आहे का? डावीउजवीकडे वळते का? उत्तर 'नाही' असेल तर निर्णय २,५०० फुटांच्या वर, म्हणजे कल्याणच्या मलंगगडाचा माथा मागे पडतो न पडतो तोच, होऊन जायला हवा. त्याच्या खाली घोटाळत राहणाऱ्याला वेळ पुरत नाही.

उतरायचे ते वाऱ्याकडे तोंड करून. घार उतरताना पाहा, तीही असेच करते. जमीन दहा-बारा फुटांवर आली की सुकाणूच्या दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढायच्या. वेग मोडतो. पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले. धक्का जास्त वाटला तर लोळण घ्यायची.

आणि वारा जास्त असेल तर? मग उडीच नाही. ताशी २०-२२ किलोमीटरपेक्षा जोराचा वारा सुटला की शिकाऊ माणसाला सहसा विमानात चढू देत नाहीत. ढग खाली आले तरी तेच. पैसे भरून, रजा काढून गेलेला माणूस दोन-दोन दिवस आभाळाकडे पाहत बसतो. पेरणी करून पावसाची वाट पाहणाऱ्याला हे काय सांगायला हवे? "आज नको" हे ऐकून घेणे ज्याला जमत नाही, त्याला या खेळात जागा नाही. अमेरिकेतल्या संघटनेचा पहिला परवानासुद्धा किमान २५ उड्या झाल्यावर मिळतो.

मराठी माणसाला हे क्षेत्र परके नाही. मूळच्या मराठा पलटणीतून घडलेली छत्रीधारी पलटण ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलजवळ उतरली होती. खेळ म्हणून पाहिले तर पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव पहिले. १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली. ती त्यांची पहिलीच उडी होती, आधी सरावाची एकही नाही. हा अपवाद, त्याचा कित्ता कोणी गिरवू नये. लक्षात घ्यायचे ते पुढचे. नाव झाले म्हणून त्या थांबल्या नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर त्यांनी ११,६०० फुटांवरून उडी घेतली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि उड्यांची संख्या सातशेवर गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडात त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. लोकांनी साडीचे कौतुक केले. पण साडीचा एक सोगा सुटून दोऱ्यांत अडकला तर काय होईल, याचा विचार करून ती साडी जागोजागी पक्की करून घेणे, यात मला खरी हवाई छत्रीची शाळा दिसते.

तर श्रोतेहो, दोघांतला फरक हा. तेरा हजार फुटांवरून उडी मारणारा तीन वेळा पट्टे तपासतो, दुसऱ्याकडून तपासून घेतो, राखीव छत्री नेतो आणि वारा फिरला की घरी परततो. लोकलच्या दारातल्या पोराजवळ यातले काहीच नाही, एक हात आहे आणि तोही घामाने ओला. भीती दोघांनाही वाटते. एकाने तिला कामाला लावली आहे, दुसऱ्याने चारचौघांत ती लपवली आहे.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात मुलांना रुमालाची छत्री करू द्या. चार टोकांना चार सारखे दोरे, खाली एक गोटी. ती बहुधा डुलत खाली येईल. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये गार्नेरँ हा फ्रेंच माणूस फुग्यातून अशाच छत्रीने उतरला, तेव्हा तोही जोराने हेलकावत आला होता. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवले, कोंडलेल्या हवेला वाट मिळाली आणि हेलकावे कमी झाले. मुलांनाही जुन्या रुमालाला मधोमध लहान भोक पाडून पाहू द्या. मात्र एक नियम घाला. प्रत्येकाने आपल्या छत्रीचे दोरे आणि घडी आधी शेजाऱ्याकडून तपासून घ्यायची, आणि मगच ती वर फेकायची.