ब्यूरो चालवताना

(पुण्यात तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘उद्योजक’ छापलंय. दिवसा मी एका कंपनीत कोड लिहितो. उरलेल्या वेळात मी आणि माझी बहीण जे चालवतो त्याला होम केअर एजन्सी म्हणतात. कोंढव्यात लोक सरळ ‘ब्यूरो’ म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या, वयस्कर माणसांकडे बघायला आम्ही घरी माणूस पाठवतो, बारा तासांसाठी किंवा चोवीस तासांसाठी.

सुरुवात दादीपासून झाली. ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एका ब्यूरोने महिन्याचे पैसे आगाऊ घेतले आणि दहा दिवसांत तीन मावश्या बदलल्या. तिसरी आदल्या आठवड्यापर्यंत एका कार्यालयात भांडी घासत होती. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी बहीण जीएनएम झालेली नर्स आहे. ती सुट्टी काढून आली तेव्हा दादीच्या माकडहाडावर लाल चट्टा होता. बेडसोअरची सुरुवात. मी त्या मावशीवर ओरडलो. बहिणीने मला बाहेर नेलं आणि म्हणाली, तिला शिकवलं कुणी?

ब्यूरो त्या प्रश्नातून निघाला. पण मी इंजिनिअर, म्हणून शिकवायच्या आधी ॲप बनवलं! हजेरी, लोकेशन, औषधांची आठवण, सगळं. चार महिने घालवले. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचा फोन दिवसभर घरी मुलांकडे असतो, हे मी विचारलंच नव्हतं. शेवटी चालली ती दोनशे पानी वही. ती रुग्णाच्या उशाशी राहते. कुशीवर कधी वळवलं, काय खाल्लं, लघवी किती झाली, साखर किती आली, सगळं त्यात. पाळी बदलताना दोघींनी सही करायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बहिणीने चित्रांचे तक्ते काढले. आणि एक नियम पक्का: इंजेक्शन आणि नाकातली नळी हे अटेंडंटचं काम नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही. त्याला नर्सच लागते.

पैशांचं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. बारा तासांच्या पाळीचे आम्ही ७५० रुपये घेतो, ६०० बाईला जातात. उरलेल्या १५० मध्ये बदली माणूस, बहिणीच्या घरभेटी, ऑफिसचं भाडं. बाईला पगार ७ तारखेला लागतोच. घरवाले मात्र म्हणतात, ‘दोन दिवसांत टाकतो.’ दोन महिन्यांचे पगार बाजूला ठेवल्याशिवाय यात पडू नका. मी पडलो होतो, आणि तिसऱ्या महिन्यात कंपनीतला माझा सगळा पगार वाटून टाकला. शिवाय चांगली बाई तीन महिन्यांनी घरवाले थेट ठेवून घेतात. पहिल्यांदा मी भांडलो. मग हिशेब केला, तिला रोजचे शंभर जास्त मिळत होते. काय बोलणार?

कागदपत्रं फार अवघड नाहीत. माणसं थोडी असतील तर २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटी कोणत्या कामावर लागतो, कोणत्यावर नाही, हे सीएकडून लेखी घ्या. दहा माणसं झाली की २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्या कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे. आमच्या बायका परक्या घरात एकट्या असतात, रात्री असतात. त्यामुळे समिती नावापुरती ठेवून चालत नाही.

आता जे सांगायला मला अवघड जातं ते.

दुसऱ्या वर्षी पेठेतल्या एका घरून फोन आला. आईंना पक्षाघात झालेला, दिवसाची बाई हवी होती. मुलगा सभ्यपणे म्हणाला, ‘आमचं काही नाही हो, पण आईला चालणार नाही.’ काय ते मी ओळखलं. आमची सगळ्यात हुशार बाई तेव्हा रिकामी होती आणि मला भाड्याचे पैसे हवे होते. मी तिला ‘सुनीता’ म्हणून पाठवलं. आधार कार्डाची प्रत ‘नंतर देतो’ म्हणालो. इतर ब्यूरोंमध्येही असं होतं, अशी स्वतःची समजूत घातली.

पाच महिने छान गेले. आजी बोट धरून उभ्या राहू लागल्या. मग रमजान आला. चार वाजता आजी स्वतःच्या कपातला अर्धा चहा तिच्यापुढे सरकवायच्या. ती म्हणायची, ॲसिडिटी आहे. आठव्या रोज्याला ती ऑफिसात आली, बहिणीसमोर बसली आणि म्हणाली, ‘बाजी, रोजा ठेवून रोज त्या म्हातारीशी खोटं बोलते मी. काय उपयोग?’

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो आणि खरं सांगितलं. मुलाने संध्याकाळपासून येऊ नका म्हटलं. एकोणीस दिवसांचे पैसे आले नाहीत, मीही मागितले नाहीत. तिचे मी दिले. आजी आतल्या खोलीत होत्या. त्यांना काय सांगितलं गेलं, मला माहीत नाही.

तेव्हापासून पहिल्याच मेसेजमध्ये आधारवरचं नाव जातं. गेल्या वर्षी अकरा घरांनी त्यानंतर फोन उचलला नाही. आणि हेही ऐका: त्याच वर्षी कोंढव्यातल्या चार घरांनी ‘आपल्यातलीच द्या’ म्हणून आमच्या हिंदू मावश्या परत पाठवल्या. त्या घरांतले दोघे माझे शाळेतले मित्र आहेत. एकाने अजून अबोला धरलाय, कारण मी दुसरी बाई दिली नाही.

ती बाई आता पाळीवर जात नाही. नव्या मुलींना तीच शिकवते.

प्रश्न थोडक्यात विचारा. उद्या सकाळची बदली मिळालेली नाही. एका काकांना अंघोळ घालायला सात वाजता मलाच जायचंय.