शेजारची शिलाई
(वसंत व्याख्यानमालेत इचलकरंजी येथे दिलेले व्याख्यान)



खर्चीवाला यंत्रमागधारक म्हणजे काय, हे या गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सूत व्यापाऱ्याचे, विणलेले कापडही व्यापाऱ्याचे. माग, वीजबिल, कामगार आणि काळजी मात्र खर्चीवाल्याची. पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरलेले पैसे हातावर पडले की व्यवहार संपला. आज मी ज्या उद्योगाबद्दल बोलणार आहे, त्याची घडण अशीच आहे. फक्त तिथे काम देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये देशाची सीमा आहे. तो उद्योग म्हणजे बांगलादेशचा तयार कपड्यांचा.

त्याची सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या अडचणीतून झाली. 1974 साली श्रीमंत देशांनी कापड आणि कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे घातले. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला होता. देवू या कोरियन कंपनीला जिथे कोट्याचे बंधन नाही असा देश हवा होता आणि बांगलादेशात तेव्हा निर्यातीसाठी कपडे शिवणारा उद्योग जवळजवळ नव्हताच. नुरुल कादर या निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या ‘देश गारमेंट्स’शी देवूने करार केला. 1979 मध्ये 130 माणसे प्रशिक्षणासाठी कोरियातल्या बुसानला गेली आणि परत येऊन चितगावच्या कारखान्यात उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या 115 जणांनी ‘देश’ सोडून दुसरीकडे काम धरले किंवा स्वतःचे कारखाने काढले. त्या कंपनीचे नुकसान झाले असेल, पण एका देशाचा उद्योग उभा राहिला. आज त्या देशाच्या निर्यातीतला 80 टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे आणि सुमारे 40 लाख लोक या कामावर आहेत. त्यांत बहुसंख्य बायका आहेत. खेड्यातून आलेली, स्वतःच्या नावावर पगार घेणारी मुलगी ही त्या समाजात नवी गोष्ट होती. परदेशी कंत्राटावर चालणारे काम म्हणजे निव्वळ पिळवणूक, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. त्या मुलींना विचारले तर त्याही सहमत होणार नाहीत.

आता हे काम चालते कसे ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघते. युरोपातला किंवा अमेरिकेतला ब्रँड स्वतः एकही शिलाई यंत्र विकत घेत नाही. तो नमुना, माप, भाव आणि शिपमेंटची तारीख देतो. त्याच्या पतपत्राच्या जोरावर ढाक्याचा कारखानदार आपल्या बँकेकडून दुसरे पतपत्र काढतो आणि कापड मागवतो. याला बॅक-टू-बॅक एलसी म्हणतात. कापड बंधपत्रावर शुल्काविना येते. म्हणजे कारखानदाराला स्वतःचे भांडवल फार लागत नाही. मशिनी आणि भाड्याचे मजले मिळाले की कारखाना सुरू. उद्योग झपाट्याने पसरला तो या सोयीमुळे, आणि बाजारासाठी, कचेऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर शेकडो यंत्रे चढली तीही हिच्यामुळेच.

भाव ठरतो मिनिटांवर. एक शर्ट शिवायला किती मिनिटे लागतात, त्याचा हिशेब ब्रँडच्या मर्चंडायझरकडे तयार असतो. तारीख चुकली तर माल विमानाने पाठवायचा आणि ते भाडे बहुतेक वेळा कारखान्याने सोसायचे. मग कारखानदार काय करतो? आवाक्याबाहेरची ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून घेतो आणि त्यातला काही भाग शेजारच्या लहान कारखान्याला देऊन टाकतो. ब्रँडला हे कधी माहीत असते, कधी नसते, आणि कधी माहीत करून घ्यायचे नसते. 24 नोव्हेंबर 2012 रोजी ढाक्याजवळ ताझरीन फॅशन्सच्या कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक कामगार गेले. आपला माल तिथे परवानगीशिवाय दिला गेला होता, असे वॉलमार्टने नंतर सांगितले.

पुढच्याच वर्षी ढाक्याजवळच्या सावर या गावी राणा प्लाझा कोसळली. ही इमारत दुकाने आणि कचेऱ्यांसाठी होती. वरचे मजले बेकायदा चढवलेले, आणि त्यांवर पाच कपडे कारखाने व विजेचे अवजड जनरेटर. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली, दुकाने बंद राहिली. कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी, पगार कापण्याच्या धाकाने, आत बोलावले गेले. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. 1,134 माणसे मेली, सुमारे 2,500 जखमी झाली. एकाच इमारतीत तोच तडा बघून बँक बंद राहते आणि शिलाईची लाइन चालू राहते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बँकेला त्या दिवशी शिपमेंटची तारीख नव्हती.

त्या कारखान्यांची तपासणी झालेलीच नव्हती, असेही नाही. निदान दोन कारखान्यांचे सामाजिक लेखापरीक्षण नामांकित परदेशी संस्थांनी केले होते. पण इमारतीचे खांब तपासणे त्यांच्या कामात धरलेलेच नव्हते. ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबले आणि ऑर्डरचे कागद वेचून कामगार कार्यकर्त्यांना ब्रँडची नावे शोधावी लागली. ‘आमचे काम तिथे नव्हते’ असे आधी सांगणाऱ्यांचीही लेबले तिथे निघाली.

माझे म्हणणे मी इथे सरळ मांडतो. काम बाहेर देण्यात दोष नाही. कामाबरोबर जोखीमही फुकटात बाहेर दिली जाते, हा दोष आहे. भावात सुरक्षिततेचा पैसा धरलेला नसेल तर तो कुणाच्या तरी जिवातून वसूल होतो. ही चूक सद्भावनेच्या जाहीरनाम्यांनी सुधारत नाही. ती करारातच सुधारावी लागते.

हे शक्य आहे, याचा पुरावा त्याच देशात आहे. राणा प्लाझानंतर महिन्याच्या आत ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बांगलादेश अ‍ॅकॉर्ड हा करार झाला. आधीच्या स्वेच्छेच्या आचारसंहितांहून तो वेगळा होता, कारण तो कायद्याने बांधणारा होता. स्वतंत्र अभियंते कारखाने तपासणार, अहवाल सर्वांसाठी खुले असणार, दुरुस्तीचा खर्च पेलता येईल अशी सोय ब्रँडने करायची, दुरुस्ती टाळणाऱ्या कारखान्याशी सगळ्या ब्रँडांनी संबंध तोडायचे आणि ब्रँडने शब्द मोडला तर लवाद. 1,600 हून अधिक कारखाने त्याखाली आले. आग रोखणारे दरवाजे बसले, बाहेर पडायच्या दारांवरची कुलुपे निघाली, खांब बळकट झाले. 2016 मध्ये कामगार संघटनांनी दोन ब्रँडांना हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापर्यंत नेले. त्यांतल्या एका प्रकरणात 23 लाख डॉलर देण्याची तडजोड झाली. मला या साऱ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. ढाक्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वतीने युरोपातल्या लवादात दाद मागता आली. 2023 पासून पाकिस्तानसाठीही असाच करार सुरू झाला आहे.

पण इमारत सुरक्षित झाली तरी भावाचा ताण गेला नाही. किमान वेतन 2013 अखेर 5,300 टका झाले, दहा वर्षांनी 12,500. कामगार मागत होते 23,000, आणि त्या आंदोलनात माणसे मेली. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोना आला तेव्हा ब्रँडांनी सुमारे 3 अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. त्यांत शिवून तयार झालेला मालही होता. कापडाचे पैसे कारखानदाराने आधीच मोजलेले. करारातले दैवी आपत्तीचे कलम ब्रँडच्या मदतीला आले. कारखानदाराच्या मदतीला त्यात काही लिहिलेले नव्हते. बोभाटा झाल्यावर काही ब्रँडांनी पैसे दिले, हे नोंदवले पाहिजे. पण बोभाट्यावर चालणारी न्यायव्यवस्था कुणालाच पुरेशी नाही.

हे सगळे दूरच्या युरोपाविषयी आहे असे समजू नका. 2011 साली भारताने बांगलादेशी कपड्यांवरचे आयातशुल्क जवळजवळ पूर्ण उठवले. तेव्हापासून आपल्या मॉलमधल्या दुकानांसाठीही तिथे शिलाई होते. भारतीय सुताचे बांगलादेश हे मोठे गिऱ्हाईक आहे. इथले सूत तिकडे जाते आणि त्याच सुताचे कपडे होऊन परत येऊ शकतात. म्हणजे या धंद्यात आपण एका टोकाला माल पुरवणारे आणि दुसऱ्या टोकाला काम देणारे आहोत. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारे भारतीय सूत बंद केले. मे महिन्यात भारताने तयार कपड्यांची आयात न्हावाशेवा आणि कोलकाता या दोन बंदरांपुरतीच ठेवली. ट्रकने नाक्यावरून येणारा माल आता जहाजाने फिरून येतो. त्याचा वाढीव खर्च आणि लागणारे जास्तीचे दिवस कुणाच्या अंगावर पडले असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोन सरकारांच्या भांडणात भाव पुन्हा घासला जातो तो शिलाईचा. आपल्या इथल्या शिलाई कारखानदारांचे दुखणेही खरे आहे: बिनशुल्क येणाऱ्या त्या कपड्यात कापड बरेचदा चीनचे असते. त्यावर उपाय म्हणून कापडाच्या उगमाचे नियम कडक करावेत. तिथली मजुरी स्वस्त आहे म्हणून तिथल्या बाईला शत्रू ठरवू नये.

या सभागृहात ऑर्डर देणारे व्यापारी आहेत, घेणारे खर्चीवाले आहेत, आणि आपण सगळेच कपडे विकत घेणारे आहोत. कॉलरच्या पट्टीवर देशाचे नाव असते, कारखान्याचे नसते. 2013 मध्ये एच अँड एमने आपल्या कारखान्यांची यादी जाहीर केली, नंतर इतर अनेकांनी केली. आपल्या देशातल्या ब्रँडांकडे हीच यादी मागा. ढाक्याची मागा, तिरुपूरची मागा, भिवंडीचीही मागा. आणि जे ऑर्डर देतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या करारात भावाच्या ओळीखाली दोन ओळी जास्त लिहा. इमारत कुणी तपासली, आणि ऑर्डर रद्द केली तर तयार मालाचे पैसे कोण देणार.