जुन्या एमजीचे एंजिन उघडताना

एमजी टीसी ही दोन आसनांची मोटार इंग्लंडात १९४५ ते १९४९ या काळात तयार होई. तिचे १२५० सी.सी.चे एंजिन घरी उघडणाऱ्याची पहिली फसगत बोल्टापाशीच होते. डोक्याला व्हिटवर्थचा, म्हणजे इंग्रजी मापाचा पाना चपखल बसतो. आटे मात्र मिलिमीटरचे! कारण हे एंजिन मॉरिसच्या घरचे, आणि मॉरिसने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतील कारखाना घेतला, तेव्हा फ्रेंच मापेही पदरात पडली. हे ठाऊक नसता हरवलेल्या बोल्टाच्या जागी इंग्रजी बोल्ट पिळला, की ब्लॉकातले आटे गेलेच. माझे एकदा गेले आहेत. तेव्हापासून निघेल तो बोल्ट मी पुठ्ठ्याला भोक पाडून जागच्या क्रमाने खोचून ठेवतो. घरचे हसतात; हसोत बापडे.