रोवणाऱ्या हाताचा शोध

माडिया किंवा गोंडी बोलता येते, एवढ्यावर कोणी अनुवादक ठरत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. औषधाची मात्रा किंवा वनहक्काचा दावा समजावायचा झाला, की आश्रमशाळेतल्या एखाद्या मुलाला पुढे करण्याची सवय बरी नव्हे. पोराला दोन्ही भाषा येतात, पण मात्रा चुकली तर काय होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

युरोपात यंत्राचे स्पॅनिश माहितीपुस्तक जर्मनमध्ये न्यायचे, तर सहसा जर्मन मातृभाषेचा आणि यंत्रे जाणणारा माणूस शोधतात. आयएसओ 17100 या 2015च्या मानकानुसार तो अनुवाद दुसऱ्या जाणकाराने मूळ मजकुराशी ताडून पाहावाच लागतो. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या माणसांना याहून कमी का मिळावे?

धानाची रोवणी आठवावी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटताना मूळ तुटले तर रोप सुकते; फार खोल गेले तर फुटवे कमी येतात, वरवर लावले तर पाण्यावर तरंगते. रोवणाऱ्या बाईला पऱ्ह्यांची पारख लागते, तशी बांधीतल्या चिखलाचीही. नुसती भाषा येणाऱ्याला चिखल तेवढा ठाऊक असतो. रोप कसे धरायचे, हे नाही.

असे हात इथे आहेत. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी निरक्षर दाईंसाठी श्वास मोजण्याचे साधन तयार केले. वाळूचे घड्याळ एक मिनिट दाखवते. दहा श्वास झाले की दाई एक मणी सरकवते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. तो आकडा मण्यांवर उतरवायला आजारही कळावा लागला आणि दाईचे कामही.

मेंढा-लेखा या गोंड गावाच्या अभ्यासगटाने कायद्याचे विषय आपसांत बोलून बोलून समजून घेतले. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला.

म्हणून अनुवादक त्या विषयाचे काम करणाऱ्यांतच शोधावा. गोंडी-माडिया घरातली परिचारिका, आशाताई, दावे भरणारा ग्रामसभेचा कार्यकर्ता यांना विषयही येतो आणि भाषाही. त्यांना मानधन द्यावे, आणि लिहिलेले दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. निदान पावसाळ्यातले मलेरियाचे पत्रक छापण्याआधी ते गावातल्या आशाताईंना वाचून दाखवावे.