खाऊ नव्हे, गांजा

आपली काही पोरं आज अमेरिकेत आहेत, म्हणून बोलतो. कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानाने २१ वर्षांपुढच्या माणसाला गांजा कायदेशीर झाला. तरी तिथल्या डिस्नेलँडमध्ये तो न्यायला बंदी आहे. काहीजण गांजाची गोड गोळी खाऊन जातात. धूर लगेच चढतो. खाल्लेला गांजा चढायला अर्धा ते दोन तास लागतात. माणूस म्हणतो, काहीच झालं नाही, आणि दुसरी तोंडात टाकतो. मग पाळण्याच्या रांगेत, भर उन्हात, दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, तोल जातो. आणि हाताशी धरलेलं पोर? त्याला ती गोळी खाऊच वाटते; पोटात गेली तर थेट दवाखाना. कायद्याने सूट दिली, अक्कल गहाण टाकायला नाही सांगितलं. लेकराचं बोट धरलंय, तर शुद्धीत राहा.